कौशल्याबाईची दुसरी जबानी

“जागा होता म्हन, कौसल्ये. एवढंच सांगजो,” बैलांच्या दमणीत बसलेली अंबूबाई सुनेला म्हणाली. “माया एक गेला. दुसरा तरी ठेव.”

कौशल्याबाईने पदर पुढे ओढला. जानेफळ सोडल्यापासून सासू हेच म्हणत होती.

‘दुसरा’ म्हणजे कौशल्याबाईचा दीर, तुळशीराम. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या बाभळीवरून सकाळी भावाभावांची बोलाचाली झाली होती. दुपारी शेतातून आलेल्या तुळशीरामने ओसरीत बाजेवर पडलेल्या तिच्या नवऱ्याच्या, शेषरावाच्या मानेवर कुऱ्हाड घातली. पाहणारी एकटी कौशल्याबाई. पहिल्या जबानीत ती “बाजेवर पडले होते” एवढंच बोलली. सेशन जज्जांनी त्याचा अर्थ झोपेत असा घेतला. निजलेल्या, बेसावध भावाला मारलं, म्हणून फाशी. अपिलात नागपूरच्या जज्जांना नेमकी तिथेच शंका आली. बाईला पुन्हा बोलवून नीट विचारा, असा हुकूम बुलढाण्याला आला.

कोर्टात तुळशीराम कठड्यात उभा होता. तुरुंगात त्याचे खांदे गळाले होते. कौशल्याबाई लग्न होऊन आली तेव्हा तो लहान होता. तिच्याच हातच्या भाकरी खाऊन वाढला होता. त्याने वर पाहिलं नाही.

“शेषराव निजला होता की जागा?” आरोपीचे वकील वामनराव यांनी विचारलं.

“निजले होते. चाहुलीनं जागे झाले.”

“तुळशीरामला पाहिलं त्यानं?”

“हाव. पाह्यलं.”

“काही बोलला?”

कौशल्याबाईने दाराकडे पाहिलं. बाहेर अंबूबाई बसली होती, ती इथून दिसत नव्हती.

“‘आला काय बे तुळशा’ म्हनले.”

“मग?”

“पाय आखडून घेतले.”

“म्हणजे उठायला लागला?”

तिने तुळशीरामकडे पाहिलं. जे घडलं ते त्यालाही ठाऊक होतं.

“हो,” ती म्हणाली.

सरकारी वकिलांनी विचारलं, “अजून काही बोलला?”

“नाही.”

कारकुनाने लिहून घेतलं. तिने अंगठा दिला.

नागपूरचा निकाल पोळ्याच्या सुमारास लागला. वामनरावांनी दोघींना बोलावून समजावून सांगितलं. “खून केला, हे कायम. पण शेषराव जागा होता, त्यानं भावाला हटकलं, त्याच्या अंगावर जायला उठत होता. झोपेतल्या माणसावरचा घाव नाही हा. म्हणून फाशी रद्द, जन्मठेप.”

अंबूबाईने हात जोडले. मग दोघी बाहेर येऊन लिंबाखाली बसल्या.

“शेषा अंगावर गेला म्हनते त्याच्या,” अंबूबाई हळूच म्हणाली. “माया शेषा तसा नव्हता वो.”

“नव्हते.”

“मंग काऊन म्हनला तसा? ‘आला काय बे’?”

कौशल्याबाईने सासूकडे पाहिलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण हे दुसऱ्या कुणाला सांगायचं?

“‘आला काय बे तुळशा, बस’ म्हनले,” ती म्हणाली. “सकाळचं सारं इसरून. त्याले बसाले जागा व्हावी म्हनून पाय आखडले.”

अंबूबाई तिच्याकडे पाहत राहिली. समोर बैल रवंथ करत होते.

जानेफळात मग तेच कायम झालं. शेषरावानेच आधी हटकलं, असं लोक बोलू लागले. कोर्टातच तसं ठरलं होतं. कौशल्याबाईने ते ऐकून घेतलं.

घरात मात्र एक गोष्ट बदलली. अंबूबाई म्हातारी, पहिलं ताट इतकी वर्षं तिचं असे. आता ती चुलीपाशी स्वतः बसे, भाकर थापे, सुनेला वाढे, आणि तिचं जेवण होईपर्यंत उंबऱ्याशी पाठमोरी थांबे. शेजारची सोजराबाई एकदा म्हणाली, “हे काय उलटंच, अंबूबाई?”

“खाऊ दे तिले आधी,” अंबूबाई म्हणाली.

आत कौशल्याबाई खाली मान घालून भाकर मोडत होती.