दोघी जावा, जागा एक

रिकाम्या खोक्यांच्या चळतीला अंग चोरून वळसा घालत थोरली दुकानाच्या मागच्या खोलीत शिरली, तर बाकावर तिची धाकटी जाऊ बसलेली.

"तू इथं?"

"तुम्ही?" धाकटी म्हणाली आणि जागा करून देण्यासाठी जरा सरकली.

घ्या! सकाळी दोघींनी समोरासमोर बसून चहा घेतला होता. थोरलीने बँकेत काम आहे म्हणून सांगितलं होतं. धाकटीने काहीच सांगितलं नव्हतं. ती हल्ली कुठे काय सांगायची? या मोठ्या किराणा दुकानाच्या दारावर आठवडाभर पाटी होती, माल लावायला एक बाई पाहिजे. ती दोघींनीही वाचली होती.

थोरली शेजारी टेकली. जावाजावांचं पटत नाही असं लोक म्हणतात, या दोघींचं मात्र छान चाललं होतं. मग दीर गेला आणि धाकटीने जी मिठाची गुळणी धरली ती धरलीच. रडली नाही, चिडली नाही. नुसती पलंगाच्या काठावर बसायची. उठवलं की उठायची, वाढलं की जेवायची. तिच्यासमोर कुणी मोठ्याने हसायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, थोरलीने नवऱ्याशी भांडायचंसुद्धा नाही, आता बोला! पहिले काही महिने थोरलीचा जीव तिच्यासाठी तुटला. पुढे तुटायचाही थांबला. घर खायला उठायला लागलं. चार पैसे आले तर हवेच होते, पण थोरलीला खरं हवं होतं ते दिवसभर त्या घराबाहेर राहणं. आणि जिच्यापासून लांब पळायचं तीच इथे मांडीला मांडी लावून बसलेली.

मॅनेजरला सर्दी झाली होती. त्याने वेळ वाचवायला दोघींना एकदमच आत घेतलं.

"ओळखता एकमेकींना?"

"जावा आहोत," थोरली म्हणाली.

"जागा एकच आहे."

"वाचलंय आम्ही."

त्याने नाक पुसलं. "गिऱ्हाईक अंगावर धावून आलं तर काय कराल?"

"घरी सासूबाई आहेत. सवय आहे."

तो हसला आणि धाकटीकडे वळला. "तुम्ही?"

"ऐकून घेईन."

"आणि मग?"

धाकटीने विचार केला. "मग ते जाईल."

त्याने पुन्हा नाक पुसलं. तो दोघींना बाहेर घेऊन गेला. बिस्किटांच्या दोन मांडण्या अर्ध्या रिकाम्या होत्या आणि पुढ्यात खोकी होती.

"ही तुमची, ती त्यांची. तारीख बघून लावा. ज्यांची आधी संपते ते पुडे पुढे, बाकीचे मागे. मी आलोच."

थोरलीने खोकं फाडलं आणि पहिला थर लावायला घेतला. पाय घसरेल म्हणून फाडलेला पुठ्ठा बाजूला सारावा तोवर धाकटीने तो उचललाही होता. तिने पुडा काढला, तारीख पाहिली, पुढे केला. थोरलीने घेतला, ठेवला. पुढचा आला. एकीने विसळायचं, दुसरीने फडताळात लावायचं, दीर होता तोवर घरातली सगळी भांडी वर्षानुवर्षं याच पद्धतीने लागायची. दोघींपैकी कुणीही विचार केला नाही. एक मांडणी भरली, तशा दोघी दुसरीकडे सरकल्या. धाकटी हलक्या आवाजात "पुढे", "मागे" एवढंच म्हणत होती. आज तिच्या तोंडून इतके शब्द आले याचंसुद्धा थोरलीला काही वाटलं नाही. हात चालू होते.

मॅनेजर परत आला तेव्हा दोन्ही मांडण्या भरल्या होत्या.

"अहो, मला एकेकीचं काम बघायचं होतं! आता मी कुणाचं काय समजू?"

धाकटी फाडलेल्या पुठ्ठ्याची घडी घालू लागली.

"बरं, मांडलं कुणी?"

"मी," थोरली म्हणाली. खोटं नव्हतं ते.

त्याने धाकटीकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"मग तुम्हीच या उद्यापासून," तो थोरलीला म्हणाला. "त्यांना कळवतो पुन्हा जागा निघाली तर."

रस्त्यावर ऊन होतं. दोघी फुटपाथवरून घराकडे निघाल्या. थोरलीला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. वाईटही वाटलं नाही.

"राग आला का गं?"

"नाही," धाकटी म्हणाली. "मला पगार नको होता. घरी मला कुणी कशाला हातच लावू देत नाही. काही उचललं की तुम्ही म्हणता, तू बस. सासूबाई म्हणतात, तू बस. मग मी बसते. बसून बसून वाटतं, ह्यांच्याबरोबर मीही गेले."

अगं, तुझ्याच भल्यासाठी, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. तूच घे ही नोकरी, असंही म्हणता आलं असतं. तेही म्हणवेना. तिला ती हवीच होती, अजूनही.

"मी सकाळी लवकर निघणार," ती म्हणाली. "संध्याकाळीच परत."

"हं."

"स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, तुझ्या भावजींचं हे सापडत नाही, ते सापडत नाही... सगळं तुझ्यावर पडेल."

धाकटी थांबली. "सगळं?"

"मग? मी थोडीच असणार आहे घरात!"

मागून येणारा माणूस दोघींना वळसा घालून पुढे गेला. धाकटी तिथेच उभी होती.

"डबा किती वाजता लागेल तुम्हाला?"

थोरलीने तिच्याकडे बघितलं नाही.

"सातला. आणि उशीर केलास तर बोलेन हं मी. ऐकून नाही घेणार."

"बोला," धाकटी म्हणाली.