चार कमरांचा माणूस

झोपायच्या खोलीला लागून एक लहानशी खोली होती, सात फूट बाय सहा. घरात जे कुठेच मावत नसे ते तिथे जाऊन पडायचं. इस्त्रीचं टेबल, चाक निखळलेल्या दोन बॅगा आणि व्यायामाची एक सायकल. त्या सायकलवर गेली तीन वर्षं फक्त ओले टॉवेल व्यायाम करत होते.

एका रविवारी नाश्ता करताना राजे म्हणाले, “त्या खोलीचं मी वॉक-इन क्लॉझेट करून घेणार आहे. हिच्यासाठी.”

राजे म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक. वय त्रेपन्न. भांग कधी विस्कटलेला नाही, शर्टाच्या बाह्या मोजून दोन घड्या वर. शाळेत पडलेलं हे नाव त्यांना इतकं चिकटलं होतं की दुकानातली गिऱ्हाइकंही त्यांना राजेच म्हणत. ‘ही’ म्हणजे त्यांची बायको. ती उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायची.

“म्हणजे काय रे ते?” राजांच्या आईने विचारलं.

“कपाटच, पण आपल्याला आत शिरता येतं असं.”

“लहानपणी शिरला होतास की! बाहेरून कडी लागली, ओरडून ओरडून घसा बसला तुझा. तेव्हा कुणी कौतुक केलं नाही.”

बायको एरवी नवऱ्याला अरे-तुरे करायची. चिडवायचं असलं की मात्र ‘तुम्ही’वर यायची. “माझ्यासाठी, राजे? माझे सगळे कपडे एका बादलीत भिजतात.”

“म्हणूनच तर! तुला कधी हौसमौज करताच आली नाही.”

“बरं. मग माझी हौस कोणत्या तारखेपासून सुरू होतेय तेवढं सांगा.”

चार दिवसांनी मिस्त्री आले. साठीचे, सडसडीत, कानावर पेन्सिल. बोलणं लाकडासारखंच, मापात कापलेलं. राजांनी आलेखाच्या कागदावर स्वतः काढलेला आराखडा त्यांच्यापुढे पसरला. दोन्ही बाजूंना काचेच्या दारांची कपाटं आणि मधोमध एक बैठं कपाट, त्यात घड्याळांसाठी आणि टायसाठी मखमल लावलेले खण.

मिस्त्रींनी कागदाकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं आणि म्हणाले, “आधी कपडे बघू. सगळे बाहेर काढा. लांब लटकणारे एकीकडे, आखूड लटकणारे दुसरीकडे, घडीचे तिसरीकडे.”

बायकोचे कपडे पाच मिनिटांत निघाले. कामावर अंगभर घालायच्या दोन डांगऱ्या, थोडे शर्ट, चार पँटी, समारंभाला घालायचे तीन झगे आणि एक गरम कोट. पलंगाचा एक कोपरा भरला.

मग राजांचे कपडे निघायला लागले. उरलेला पलंग भरला. खुर्ची भरली. इस्त्रीच्या टेबलावर शर्टांचा असा डोंगर झाला की टेबलाचे पाय कुरकुरले. शेवटी राजे हातात आठ जाकिटं घेऊन पलीकडच्या खोलीत गेले. तिथे आई खाटेवर पडून वर्तमानपत्र वाचत होती.

“मी उठू, की माझ्यावरच रचतोयस?” आई म्हणाली.

इकडे मिस्त्री एकेक पँट उलटून कमरेच्या आतली चिठ्ठी वाचत होते. तीस. बत्तीस. चौतीस. छत्तीस. परत बत्तीस. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

“साहेब, घरात पुरुष किती?”

“मी एकटाच.”

“मग हे बाकीचे तिघं कोण?”

बायको भिंतीला टेकून खालीच बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“मला होणार आहेत त्या,” राजे म्हणाले. “सायकल आहे ना घरात.” सगळ्यांनी सायकलकडे पाहिलं. तिच्यावर एक निळा टॉवेल वाळत होता.

मिस्त्रींनी मग जुनी वर्तमानपत्रं मागून घेतली आणि त्या लहान खोलीच्या फरशीवर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट रुंद पसरली. “ही तुमची कपाटं. मध्ये राहिली ती वाट. या वाटेत उभे राहा आणि पायजम्यावरूनच एखादी पँट चढवून दाखवा.”

“आत्ता?”

“कपाट झाल्यावर कळून काय उपयोग?”

राजे वाटेत उभे राहिले. एक पाय वर घेतला तसं कोपर डावीकडच्या कपाटाच्या हद्दीत गेलं. तोल सावरायला ते एका पायावर दोनदा उडाले आणि थेट उजवीकडच्या वर्तमानपत्रावर उतरले.

“खण फुटला,” मिस्त्रींनी शांतपणे नोंद केली. “आता ते मधलं मखमलीचं कुठे बसवू?”

राजांनी आलेखाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

त्या दुपारी राजे खोलीतून बाहेर आले नाहीत. मखमल गेली म्हणून रुसले असतील असं आईला वाटलं. बायकोला तसं वाटलं नाही. ती खोलीत गेली तेव्हा राजे पलंगाच्या कडेवर बसले होते आणि तीस कमरेची एक राखाडी पँट त्यांच्या मांड्यांपाशी अडली होती. ना वर, ना खाली.

“हसू नकोस.”

“कुठे हसतेय?” ती म्हणाली. हसत होतीच.

“मला हा बारीक माणूस आवडायचा गं. आरशात बघितलं की बरं वाटायचं.”

ती शेजारी बसली. पँटीचं एक टोक तिने धरलं, दुसरं त्यांनी, आणि दोघांनी मिळून ती ओढून काढली.

“मलाही आवडायचा,” ती म्हणाली. “पण तो स्वतःच्या हाताने चहासुद्धा करत नसे. मी कामावरून दमून आले की विचारायचा, ‘आज उशीर झाला?’ हा छत्तीसवाला आधी कप हातात देतो, मग विचारतो. मी काही अदलाबदल करणार नाही बाबा.”

राजांची पाठ जरा ताठ झाली. दोघं ढीग निवडायला बसले. तीसवाल्या एका गोणीत गेल्या, जुने कपडे घेणाऱ्या संस्थेकडे पाठवायला. चौतीसवाल्यांपैकी एक राजांनी मागून घेतली, “आशेपुरती.” बत्तीसवाल्या गोणीत भरताना बायकोचा हात एका तपकिरी पँटीच्या खिशात गेला आणि कोपरापर्यंत आत जायची पाळी आली.

“अगंबाई! एवढे खोल खिसे? आमच्या पँटींना जे देतात त्यात एक नाणं उभं राहत नाही.” तिने उठून आपला लांब स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि खिशात टाकला. मुठीसकट आत गेला. मग तिने पँटच चढवली. कमरेला बरोबर, पायाशी दोन बोटं दुमडली की काम झालं.

“या सगळ्या माझ्या,” ती म्हणाली.

काम नऊ दिवस चाललं. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी उजव्या भिंतीवर तळहात टेकवून बघितला. भिंत गार लागली, कारण पलीकडे न्हाणीघर होतं. “इथे लटकवलेत तर कपड्यांना बुरशी धरेल.” म्हणून लटकायचे कपडे सगळे डाव्या भिंतीला गेले. आखूड कपड्यांसाठी एकावर एक दोन दांडे, कोटांसाठी कडेला उंच जागा. गार भिंतीला फक्त फूटभर खोल फळ्या, त्याही मागे दोन बोटं हवा खेळती ठेवून. समोरच्या भिंतीला आरसा, दार सरकतं. वाट तीन फुटांची झाली. राजांनी त्यात पँट घालून पाहिली आणि एकही खण फुटला नाही.

शेवटी दिव्याचा प्रश्न आला. मिस्त्रींनी छताच्या मधोमध पेन्सिलीने फुली मारली. “इथे एक पिवळा दिवा.”

“थांबा, थांबा,” राजे पुढे झाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज दुकानातल्यासारखा निघाला. “पिवळ्या उजेडात काळा आणि गडद निळा एकसारखाच दिसतो. आणि डोक्यावरून उजेड पडला की डोळ्यांच्या खोबण्या अंधारात जातात. आरशात आपलाच आजा दिसतो.” त्यांनी दुकानातून पांढऱ्या उजेडाच्या दोन पट्ट्या आणल्या, आरशाच्या दोन्ही बाजूंना धरल्या आणि मिस्त्रींना समोर उभं केलं.

मिस्त्रींनी बराच वेळ आरशात पाहिलं. “माझे केस एवढे पिकलेत?”

“उजेड खरा आहे, मिस्त्री.”

मिस्त्रींनी छतावरची फुली अंगठ्याने पुसली आणि आरशाच्या दोन्ही बाजूंना दोन नव्या मारल्या. दारातून बायको म्हणाली, “चला, राजांनी एकदाचा उजेड पाडला!” पण ती स्वतः नंतर तीनदा येऊन त्या आरशात बघून गेली.

खोली झाली. दांड्याची आतली बाजू तिची, दाराकडची त्यांची. पहिल्या आठवड्यात तिच्या बाजूला बत्तीसच्या सहा पँटी होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याशेजारी राजांचे दोन चौकड्यांचे शर्ट आले. मग एक जाकीट सरकलं. हँगर आपोआप चालत गेल्यासारखे आत आत जात होते.

महिन्याभराने एका सकाळी राजे जांभळा शर्ट शोधत होते. वाकून, उठून, फळ्यांच्या मागे बोटं घालून. मग स्वयंपाकघरात आले, तर तो शर्ट बाह्या वर करून टोस्टला लोणी लावत होता.

“तो माझा आहे.”

“कुठल्या बाजूला होता?” बायकोने विचारलं.

“तुझ्या... पण तिकडे नेला कोणी?”

“वा राजे! आता आपल्याच प्रजेवर आळ?”

“आई, तूच सांग.”

आई टेबलापाशी बसली होती. अंगात राजांचं राखाडी लोकरी जाकीट, वरच्या खिशात वाचायचा चष्मा. “मला मधे ओढू नका,” ती म्हणाली आणि जाकिटाची बटणं नीट लावून घेतली.

राजे परत खोलीत गेले. आपल्या पांढऱ्या उजेडात उभं राहून त्यांनी उरलेल्या शर्टांमधला साधा पांढरा काढून घातला. बाह्यांना दोन घड्या. बरा दिसत होता माणूस. ते जरा तिरके होऊन पाहत होते, तेवढ्यात दार सरकलं.

“जरा आत हो ना. मला पट्टा घ्यायचाय.”

तीन फुटांच्या वाटेत दोघं अंग चोरून छातीला छाती लावून सरकले आणि ती पलीकडे गेली. हुकावरचा पट्टा तिने कमरेला आवळला. पट्टाही त्यांचाच होता. कामावरच्या ड्रिलने तिने त्याला एक जास्तीचं भोक पाडून घेतलं होतं.