सक्षम आणि प्राधिकारी

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे आणि मला उंचीची भीती वाटते. हसू नका. जन्मभर जिथे लोंबकळले, तिथलीच भीती वाटण्याइतके माझे वय झाले आहे.

कारखान्यातून आले तेव्हा मी अशी नव्हते. लाकडी दार, पितळी कडी, आत आरसा. "लोण्यासारखी चालते," असे लोक म्हणत. त्याच दिवसांत माझ्या आत एक पाटी ठोकली गेली: 'ही लिफ्ट बंद करण्याचा अधिकार फक्त सक्षम प्राधिकाऱ्यास आहे.' हा कुणी धिप्पाड, मिशाळ गृहस्थ असावा अशी माझी समजूत होती. वीज गेली की मी त्याच्या नावावर धीर धरत असे.

पुढे पितळ काळे पडले, आरशाला तडा गेला आणि मला तोलून धरणाऱ्या लोखंडी दोराच्या तारा एकेक करून तुटू लागल्या. तुटताना बारीक 'टिंग' होई. आतली माणसे म्हणत, "कुणाचा तरी फोन वाजतोय."

सर्वांत जास्त भीती मला चौथ्या मजल्यावरच्या काकूंची वाटे. म्हणजे त्यांच्यासाठी वाटे. गुडघे गेलेले, हातात वॉकर, आणि व्यायामासाठी रोज खाली न्यायला त्यांची सून.

"आधी तू जा आत," काकू म्हणत. "काही झालं तर मी मागे राहते."

"मागे राहून काय करणार, आई?"

"शेजारणींना सांगणार."

सून हसे. मी मात्र तळमजला येईपर्यंत श्वास रोखून असे.

एकदा सरकारी तपासनीस आला. त्याने दोर पाहिला आणि तो माझ्याइतकाच घाबरला. "हा दोर संपला," तो सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हणाला. "आज आहे, उद्या नाही."

"मग बंद करा की लिफ्ट," सेक्रेटरी म्हणाले.

"मी कशी बंद करणार? तपासायला मी सक्षम आहे. प्राधिकारी साहेब आहेत."

आणि तो जिना उतरून निघून गेला. मित्रांनो, तो जिन्याने गेला, हे माझ्या लक्षात राहिले.

मग काकूंची सून साहेबांच्या कचेरीत गेली. परत आली ती धुसफुसतच.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारले.

"म्हणाले, मी प्राधिकारी आहे, पण प्रभारी. दोरातलं मला कळत नाही, त्यामुळे त्या बाबतीत मी सक्षम नाही."

"म्हणजे अर्धा शब्द इकडे, अर्धा तिकडे."

"हो. आणि मधे आपण. म्हणून दोघांनाही चहाला बोलावलंय मी. साहेब चहाला नाही म्हणत नाहीत असं शिपाई सांगत होता."

तेव्हा प्रथमच मला कळले की तो मिशाळ गृहस्थ कधी नव्हताच. इतकी वर्षे मी एका पाटीच्या भरवशावर लटकत होते. त्यानंतर प्रत्येक फेरीला मी थरथरू लागले. लोकांना वाटे, मोटार जुनी झाली.

ठरल्या दिवशी दोघे आले. साहेब अंगाने भरलेले होते. त्यांनी जिन्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"साहेब, जिन्याने जाऊ," तपासनीस म्हणाला.

"लिफ्ट बंद केल्याचा आदेश आहे का?"

"नाही. तो तुम्हीच काढायचा आहे."

"काढलाय का मी?"

"नाही."

"म्हणजे चालू आहे. चला."

तपासनीस डोळे मिटून आत आला. मी निघाले. पहिला मजला गेला, दुसरा गेला. 'टिंग.' मग एकदम पुष्कळ टिंग. मी घसरले. घसरले तर रूळ धरायला मला लोखंडी जबडे आहेत. ते मी आवळले. शहाणपणाने नव्हे, शुद्ध भीतीने. दोन मजल्यांच्या मधे आम्ही तिघेही लटकलो.

"कुणाचा फोन?" साहेबांनी क्षीण आवाजात विचारले.

"दोर आहे, साहेब."

मग सक्षमने सांगितले काय लिहायचे, आणि प्राधिकाऱ्याने ते त्याच्याच खुणेच्या खडूने माझ्या भिंतीवर लिहिले: 'बंद.' खाली सही. अख्खा शब्द त्या दिवशी प्रथमच एका खोलीत आला होता आणि ती खोली मी होते.

वरून काकूंचा आवाज आला, "अहो, चहा निवतोय."

आता मला नवा दोर आहे. काकू रोज खाली जातात, वर येतात. पाटी मात्र नव्याने रंगवली आहे, मजकूर तोच. म्हणून मी अजून भिते.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्रांना जपा. आणि कुठे तो भारदस्त शब्द दिसला तर नुसता वाचून पुढे जाऊ नका. त्या माणसाचे नाव विचारा, आणि तो लिफ्टने जातो की जिन्याने, तेही विचारा.