पोथीचा अर्धा रुमाल

माझ्याकडे नीट पाहा, मित्रांनो. माझ्या तीन कडा दुमडून शिवलेल्या आहेत आणि चौथी फाडलेली आहे. मी पोथी बांधायचा जुना लाल रुमाल. माझं निम्मं अंग आज देव्हाऱ्यात आहे आणि निम्मं इथं, पत्र्याच्या ट्रंकेत. हे कसं झालं ते सांगतो. सांगतानाही माझा धागा न् धागा आकसतो आहे.

१९९८ साली मारुंजीच्या गेणबांच्या घरात नलिनी नवी सून होऊन आली. येताना तिनं माहेरची पोथी आणली. सासूबाई रंभाबाईंनी पौडच्या बाजारातून लाल खारव्याचं जाडंभरडं कापड आणलं आणि पोथीसाठी मला हातानं शिवलं. दिवेलागणीला एक अध्याय वाचल्याशिवाय रात्री जेवायचं नाही, हा नलिनीचा नेम होता. रंभाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या खांबाला टेकून, डोळे मिटून ऐकत. आंघोळ केल्याशिवाय मला कुणी शिवत नसे. त्या मानानं मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

पुढं गावाचं रूप पालटलं. भाताच्या खाचरांत सोसायट्या उभ्या राहू लागल्या. गेणबांनी खालचं वावर विकलं, घरावर खोल्या चढवल्या. २००७ साली तिथं जुईली भाड्यानं राहायला आली. ती लातूरकडची, हिंजवडीला ऑफिसात जाणारी. तिच्या पिशवीत नेहमी एखादं कोरं पुस्तक असे.

"वहिनी, ही नवी कादंबरी. वाचून तर बघा," ती एकदा म्हणाली.

नलिनीनं दोन दुपारींत ती संपवली. "अगं, यात देव नाही, राजा नाही. नळावर नंबर लावून उभी असलेली साधी बाई आहे. तरी माझा जीव तिच्यात अडकला बघ."

"मग तुम्ही पण लिहा की. रोज एवढं बघता!"

"मी काय लिहिणार, बाई!" असं म्हणून नलिनी हसली. पण आठच दिवसांत शंभर पानी वही आली.

त्या वहीनं माझी झोप उडवली. दुपारची भांडी झाली की नलिनी लिहायची आणि वही पोथीखाली ठेवून माझी गाठ मारायची. इथं दुसऱ्या कुणाचा हात येणार नाही, असा तिचा हिशेब. गाठ मारताना हात जोडून पुटपुटायची, "देवा, हे पाप तर नाही ना?" कारण त्या वहीत रंभाबाई होत्या. देवळात जाते असं सांगून त्या रोज दुपारी विकलेल्या वावरापाशी जात आणि कुंपणाच्या तारेतून हात घालून तण उपटत. नलिनीनं हे गच्चीवरून पाहिलं होतं. घरात कुणाला सांगितलं नाही, वहीला मात्र सांगून बसली. सासूबाईंना कळलं तर त्या आपलं तोंड तरी बघतील का, ही भीती तिला खात होती.

२००९च्या माघात एका सकाळी निरोप आला. भावकीतले कुशाबा गेले होते. घराला दहा दिवसांचं सुतक लागलं. आता पोथीला हात लावायचा नाही! नलिनी देव्हाऱ्यापुढं येऊन उभी राहिली. तिची बोटं माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली आणि मागं गेली. तिचं भेव माझ्यात शिरलं. जे लपवलं ते सगळ्यांत सोवळ्या जागी, आणि तीच जागा आता तिला बंद!

मागून रंभाबाई म्हणाल्या, "अशी का हुबी? नेम मोडायचा न्हाई. आपन शिवायचं न्हाई येवडंच. वरची पोरगी वाचंल की. तिला कुटं सुतक हाय?"

वही आधी गुपचूप काढून घे, हे सांगायला दिवसभर नलिनी दारात जुईलीची वाट बघत होती. पण जुईली आली तेव्हा रंभाबाई आधीच जिन्यापाशी बसलेल्या. "आंगूळ करून ये गं, पोथी वाचायची हाय."

जुईलीनं माझी गाठ सोडली. वही दिसली, तिनं ती बाजूला ठेवली आणि अध्याय वाचायला घेतला. नलिनी उंबऱ्याबाहेर चौकट धरून उभी. अध्याय संपूच नये, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. पण तो संपला.

"आन् ती वही कसली?"

"हाताने लिहिलेली आहे, आजी."

"पोथीतलीच आसंल. वाच तीबी. देवापुढचं तसंच ठिवू नगंस."

"आत्याबाई, ती राहू द्या," नलिनीचा आवाज कसाबसा फुटला.

"का? देवाचं ऐकायला तुजी काय हरकत?"

जुईलीनं नलिनीकडं पाहिलं, मग रंभाबाईंकडं आणि पहिलं पान उघडलं. "पिंपळाखाली तारेपाशी एक म्हातारी रोज बसते. तारेतून हात घालते. हात ओरखडतो. वावर आता आपलं नाही, हे तिच्या हाताला अजून कुणी सांगितलेलं नाही..."

रंभाबाईंनी उजवं मनगट पदराखाली ओढलं. जुईलीनं लावलेल्या निरांजनाची वात चरचरली.

मग रंभाबाई म्हणाल्या, "पिंपळ न्हाई ती. पायर हाय, लांबनं पिंपळावानी दिसती. बगायचं तर मानसानं जवळ जाऊन बगावं." आणि थोडं थांबून, "फुडं वाच. ह्यास्नी मातर कळता कामा नये."

दहा दिवस हेच चाललं. आधी अध्याय, मग वही. रंभाबाई नलिनीशी मात्र एक शब्द बोलल्या नाहीत.

अकराव्या दिवशी घर धुतलं, गोमूत्र शिंपडलं. रंभाबाईंनी मला गुडघ्यावर पसरलं, विळीनं कडेला चीर दिली आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं! आता वही चुलीत जाणार, असं मी समजलो. नलिनीनं डोळे मिटून घेतले.

"देवाचं देवापाशी," रंभाबाई म्हणाल्या. एका तुकड्यात त्यांनी पोथी बांधली. दुसऱ्यात, म्हणजे माझ्यात, वही. "आन् तुजं माज्या ट्रंकंत. तितं ह्यांचा हात जात न्हाई. माज्याबद्दल लिवायचं आसंल तर मला इचारून लिव. उद्या दुपारी चल माज्यासंगं. पायर दावते."

आता २०१० उजाडलं. माझ्यात तीन वह्या आहेत, गाठ जेमतेम बसते. उदबत्तीचा वास केव्हाच उडाला, शाईचा लागला. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी अशा वह्या असतील. विचारल्याशिवाय त्यांची गाठ सोडू नका. सोडलीच, तर वाचल्याशिवाय फेकू नका. आणि ज्याच्याविषयी लिहाल, त्याच्या जवळ जाऊन बसा.

परवा नलिनी माझी फाटकी कड शिवायला सुईदोरा घेऊन बसली. रंभाबाईंनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे तशीच. फाटल्यालं दिसलं, म्हंजी मानूस हळू हात लावतं."