छान धरलंय

लहान मुलांच्या छातीत बसणारा विषाणू जनावरांना सुखासुखी लागत नाही. म्हणून ताईच्या प्रयोगशाळेत तो नवजात कोकरांच्या नाकात सोडायचे आणि डोळ्यांत तेल घालून वाट बघायचे. कोकरू धापा टाकू लागलं, की ताई त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून म्हणायची, “छान धरलंय.” कलम धरतं तसं. मग सगळ्यांचे चेहरे उजळायचे. जनावरांची डॉक्टर असून जनावर आजारी पडल्याचा आनंद मानायचा, हे तिला सुरुवातीला जड गेलं होतं. पुढे तेही अंगवळणी पडलं.

त्या दिवशी धाकट्या बहिणीचं तान्हं बाळ खोकत होतं. दवाखान्याची पिशवी भरून बहीण दारातच उभी.

“जाऊ का गं ताई? की उगाच घाबरतेय मी? तू ऐक ना एकदा.”

ताईने स्टेथोस्कोप लावला. आत तोच बारीक, चिकट आवाज, तिच्या रोजच्या ओळखीचा. सवयीने तोंडून निघून गेलं, “छान धरलंय.” तेवढ्यात कामावरून फोन आला आणि ती तशीच पळाली. पिशवी भरलेलीच आहे, आता ही जाईलच, असं तिने गृहीत धरलं.

बहिणीला वाटलं, बाळाने बाळसं छान धरलंय. तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि पिशवी रिकामी केली.

दोन दिवसांनी बाळ दवाखान्यात ऑक्सिजनवर होतं. दर श्वासाला त्याच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती.

“आणायला इतका उशीर का केलात?” डॉक्टरांनी विचारलं.

“ताईने तपासलं होतं,” बहीण म्हणाली. “बाळसं छान धरलंय म्हणाली.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर जाईपर्यंत ती कशीबशी थांबली.

“मी बाळसं म्हणाले नव्हते गं. आजाराबद्दल बोलत होते. कामावर आम्ही तसंच म्हणतो.”

बहिणीने बाळाचं पांघरूण सारखं केलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

“तुझी कोकरं बरी होतात ना, ताई?”

आजार ऐन भरात आला, की कोकराला सुई देऊन मारायचं आणि फुप्फुसं काढून बघायची, अशी तिथली पद्धत. बरं व्हायला कुणाला वेळच मिळत नसे. एवढ्या वर्षांत या आजारातून उठलेलं एकही कोकरू ताईने पाहिलं नव्हतं. पण ते सांगायला जीभ रेटेना.

“होतात,” ती म्हणाली.