गुरुवारची सभा, पेंटरच्या घरी

गुरुवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली की वहिनींना नकोसं व्हायचं. येणारी माणसं चांगली होती, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसांच्या तोंडावर दार लावता येतं. चांगली माणसं एकामागून एक हसत आत येतात, छत्र्या कोपऱ्यात नीट उभ्या करून ठेवतात, "वहिनी, तुम्ही काही म्हणता काही करू नका हं" असं बजावतात आणि मग चहाची वाट बघत बसतात.

वहिनींचे यजमान पेंटर. शहरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवलेल्या, त्यामुळे त्यांना सगळे पेंटरच म्हणत आणि त्या नात्याने ह्या सगळ्यांच्या वहिनी. पेंटर सेवा क्लबाचे जुने सभासद. क्लब म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. बसस्टॉपवर बाकं बसवणं, डोळे तपासणीचं शिबिर भरवणं, इस्पितळाला चाकाच्या खुर्च्या देणं, अशी कामं करायची आणि दर गुरुवारी शाळेच्या मागच्या हॉलमध्ये जमून त्याबद्दल कामापेक्षा जास्त बोलायचं. पेंटर मात्र एकही सभा चुकवत नसत. इस्त्रीचा शर्ट घालायचे, खिशावर क्लबाचा बिल्ला लावायचे आणि लग्नाला निघाल्यासारखे निघायचे.

ते गेले की वहिनी दार लावून घ्यायच्या. तो दीड-दोन तासांचा वेळ त्यांचा. त्या केस धुवायच्या, रेडिओ मोठ्याने लावायच्या, उभ्याउभ्याच काहीतरी खायच्या आणि मग पाय वर घेऊन धाकट्या बहिणीला फोन करायच्या. बोलायला विषय लागायचा नाही. नवरा नकोसा झाला होता असं मुळीच नाही. पण आठवड्यातून एक संध्याकाळ तो दुसरीकडे मजेत आहे, हे माहीत असण्यातही संसाराचं एक सुख असतं, आणि ते वहिनींनी वर्षानुवर्षं कोणाला न सांगता उपभोगलं होतं.

मग पेंटरना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. ज्या हाताने हातभर उंचीचं अक्षर एका दमात ओढायचे, तो हात उशीवर ठेवावा लागायचा. बोलणं परत आलं, पण एकेक शब्द वाट शोधत बाहेर यायचा. घरी आणल्यावर पहिल्या गुरुवारी ते सकाळपासून घड्याळाकडे बघत होते. संध्याकाळी त्यांनी खुणेने बिल्ला मागितला आणि पायजम्यावरच्या सदऱ्याला लावून घेतला. वहिनींना ते बघवेना. त्यांनी क्लबाच्या अध्यक्षांना, म्हणजे दातांच्या डॉक्टरांना फोन केला. "आज फार उदास आहेत हो," एवढंच म्हणाल्या. पुढचं सगळं त्या एका वाक्याने झालं.

डॉक्टर हळव्या मनाचे. दुसऱ्याचा दात काढताना स्वतःचे डोळे मिटणारा माणूस. त्यांनी त्याच सभेत जाहीर केलं, "पेंटर सभेला येऊ शकत नाहीत ना? मग सभा पेंटरकडे जाईल!" टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणे. पुढच्या गुरुवारी अख्खा क्लब घरात. डॉक्टरांनी पेंटरच्या खाटेशेजारी उभं राहून विचारलं, "वहिनी, दर आठवड्याला इथेच भरवली सभा तर चालेल ना?" पेंटरचे डोळे असे लकाकले होते की बास. वहिनी म्हणाल्या, "न चालायला काय झालं?"

तेव्हापासून चालत होतं. दुपारीच बाहेरची खोली आवरायची, शेजारून खुर्च्या मागून आणायच्या, पेंटरना पुसून, कपडे बदलून, उशांना टेकवून बसवायचं. एकाला बिनसाखरेचा चहा, एकाला बिनदुधाचा, एकाला चहाच नको, "नुसतं गरम पाणी, वहिनी." क्लबातला बेकरीवाला बिस्किटं घेऊन यायचा हे खरं, पण त्याची बिस्किटं इतकी भुसभुशीत की सभा संपली तरी जमिनीवरचा चुरा संपायचा नाही. शेवटी सेक्रेटरीबाई, ज्या आयुष्यभर मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही उभ्या राहिल्या की माणसं आपोआप गप्प बसायची, त्या आभार मानायच्या. "आपल्या वहिनींचे आभार मानावे तेवढे थोडेच आहेत." ते खरंच होतं. पण आभारांचं एक वाईट असतं. ते मानून झाले की मानणारा मोकळा होतो.

वहिनी सोमवारपासून रविवारपर्यंत राबत होत्या त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. आपल्या माणसाचं करायला काय वाटायचं? पण त्या सात दिवसांत एक दिवस पूर्वी त्यांचा होता, आणि तो आता सगळ्यांत जड झाला होता. हे बोलायचं कोणाजवळ? नवऱ्याच्या तोंडावर आठवड्यातून एकदाच हसू येतं, आणि त्याच दिवसाचा आपल्याला राग येतो, असं कुठली बाई कबूल करील? त्या मूग गिळून गप्प बसत आणि कप विसळत.

ज्या गुरुवारची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळपासूनच बिनसलं होतं. पेंटरना आदल्या रात्री कळ लागली होती, त्यामुळे दोघांनाही झोप नव्हती. सभा सुरू झाली आणि दूध उतू गेलं. ते पुसत असताना फोन वाजला. बहीण होती.

"ताई, अगं तुझा आवाज तरी ऐकव. किती दिवस झाले! गुरुवार आला की मी आपली फोनकडे बघत बसते."

"आत्ता नाही गं. सभा आहे," वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या. "मग करते."

"मग म्हणजे कधी?"

वहिनींनी फोन ठेवला, ट्रे उचलला आणि बाहेर गेल्या.

बाहेर डॉक्टर नेहमीच्या प्रश्नाशी पोहोचले होते. क्लबाची ती रीतच होती. मागच्या सभेचा वृत्तांत वाचून झाला की अध्यक्षांनी विचारायचं, "आपल्या माहितीत कोणाला मदतीची गरज आहे का?" आणि मग सगळ्यांनी विचार करायचा. हल्ली ह्या प्रश्नावर सगळे छताकडे बघत. बाकं बसवून झाली होती, शिबिरं भरवून झाली होती, आणि नवीन गरजू सापडत नव्हता. बेकरीवाला तर मागच्या वेळी म्हणाला होता, की आपल्या शहरात आता सगळे सुखी झालेले दिसतात.

"एक घर आहे माझ्या माहितीत," वहिनी म्हणाल्या.

ट्रे हातात तसाच होता. सगळ्यांनी माना वळवल्या. इतक्या सभांमध्ये वहिनी चहाशिवाय काही बोलल्या नव्हत्या.

"बोला, बोला वहिनी," डॉक्टर म्हणाले.

"घरात नवरा अंथरुणाला खिळलाय. करणारी बायको एकटीच. तिची तक्रार नाही. पण बरेच महिने झाले, ती एकटी अशी बसलेली नाही. केस धुवायचे तरी एक कान बाहेर. बहिणीशी दोन शब्द बोलायची सोय नाही. तिला काही वस्तू नकोय. आठवड्यातून थोडा वेळ कोणी त्याच्याजवळ बसलं आणि तिला मोकळं सोडलं, तर बरं होईल."

क्लबात एकदम चैतन्य आलं. खरा, जिवंत गरजू! सेक्रेटरीबाईंनी चष्मा चढवला. डॉक्टर म्हणाले, की अशा घरी प्रत्येकी एकेका आठवड्याची पाळी लावून घेता येईल. बेकरीवाला खुर्चीच्या टोकावर आला.

"आणि एक पक्कं ठरवा," तो तावातावाने म्हणाला. "जो जाईल त्याने तिथे चहापाणी घ्यायचं नाही. नाहीतर आपण जायचो मदतीला, आणि ती बिचारी बसायची आपल्यासाठी आधण ठेवत!"

"अगदी बरोबर बोललात," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "लोकांना एवढंही कसं कळत नाही कोण जाणे." आणि त्यांनी वहिनींच्या हातातल्या ट्रेमधला आपला कप उचलला.

"कुठे राहतात हे लोक?" डॉक्टरांनी विचारलं. "पत्ता सांगा, आपण उद्याच जाऊन येऊ."

इतका वेळ आपण कसं बोलून गेलो, हेच वहिनींना कळत नव्हतं. आता जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं त्यांना झालं. खाटेकडे बघण्याचीही छाती होत नव्हती. खोलीत सगळे पत्त्याची वाट बघत होते.

"पत्ता," खाटेवरून आवाज आला. पेंटर शब्द ओढून काढत होते. "पत्ता... हाच."

सेक्रेटरीबाईंचा कप ओठांपाशीच राहिला. बेकरीवाल्याने हातातलं अर्धं बिस्कीट कुठे ठेवावं ते न कळून खिशात घातलं. डॉक्टर एकदा पेंटरकडे, एकदा वहिनींकडे, एकदा खोलीभर मांडलेल्या शेजारच्या खुर्च्यांकडे बघत राहिले. माणूस मुळात सज्जन, त्यामुळे लाज वाटायला वेळ लागला नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही आधीच का नाही..." आणि तिथेच थांबले, कारण उत्तर खाटेवर बसलेलं होतं.

त्या दिवशी आभारप्रदर्शन झालं नाही. सेक्रेटरीबाई त्यासाठी उभ्या राहिल्या, पण शब्द सुचेनात, तेव्हा त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या आणि कप विसळू लागल्या. बेकरीवाल्याने जमीन झाडायला घेतली. ती त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी, कारण चुरा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला, एवढंच झालं. सगळे लवकर उठले आणि मयताहून निघाल्यासारखे निघाले.

वहिनी पेंटरना जेवण भरवायला बसल्या.

"चुकलं माझं," वहिनी म्हणाल्या. "चारचौघांत असं बोलायला नको होतं. आता येणार नाहीत ते."

पेंटरनी मान हलवली. घास गिळला. "मला... दिसत होतं," ते म्हणाले. "तुझं. सगळं."

वहिनींचा हात थांबला. "दिसत होतं? मग एका शब्दाने बोलला नाहीत ते?"

"भीती वाटली. सभा... बंद होईल."

वहिनींना असा संताप आला की ताट बाजूला ठेवून उठावंसं वाटलं. म्हणजे आपण ह्यांच्यासाठी गप्प, आणि हे स्वतःसाठी गप्प! पण समोर बघितलं तर डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलेलं, आणि ते पुसायला त्यांचा डावा हात चाचपडत वर निघालेला. वहिनींनीच ते पुसलं, जरा जोरातच पुसलं, आणि पुढचा घास दिला. राग मात्र लगेच गेला नाही. दोन दिवस टिकला.

पुढच्या गुरुवारी बेल वाजली. दारात डॉक्टर, बेकरीवाला, मागे आणखी दोघेतिघे, आणि इस्पितळातून मागून आणलेली एक चाकाची खुर्ची.

"आजपासून सभा पुन्हा हॉलमध्ये," डॉक्टर म्हणाले. "न्यायला आलोय."

"अहो, पण जिना आहे! आणि त्यांना मध्येच जावं लागतं. आणि पाणी पिताना ठसका लागतो, मान जरा पुढे करावी लागते. आणि..."

"वहिनी," सेक्रेटरीबाई खालच्या पायरीवरून म्हणाल्या, "आत जा आणि दार लावून घ्या."

चौघांनी पेंटरना खुर्चीसकट उचललं. जड कपाट हलवावं तसा आरडाओरडा चालला होता, "जरा डावीकडे, जरा वर, अरे भिंत!" पेंटर डाव्या हाताने खुर्ची घट्ट धरून बसले होते. घाबरले होते आणि हसत होते. वहिनी कठड्यावरून वाकून आवाज येईनासा होईपर्यंत बघत राहिल्या. मग आत आल्या.

घर एवढं शांत झालं की त्यांना काय करावं ते सुचेना. रेडिओ लावला, बंद केला. बहिणीला फोन केला. ती बोलत होती, ह्या हुंकार देत होत्या, आणि थोड्या वेळाने बहीणच म्हणाली, "ताई, तुला झोप येतेय. ठेव तू, पुढच्या गुरुवारी बोलू." केस धुवायचे होते, पण त्याआधी जरा पाठ टेकावी म्हणून त्या बाहेरच्या खोलीत पेंटरच्याच खाटेवर आडव्या झाल्या. पाण्याचा ठसका लागला असेल का, एवढा विचार मनात आला. तो पुरा झाला की नाही, हेही त्यांना पुढे आठवलं नाही.

जाग आली ती दचकून. बाहेर अंधार पडला होता. हे अजून कसे आले नाहीत? काही झालं तर नसेल? वहिनी तशाच विस्कटलेल्या केसांनी दाराकडे धावल्या आणि दार उघडलं.

बाहेर अख्खा क्लब जिन्यावर बसला होता. डॉक्टर वरच्या पायरीवर, सेक्रेटरीबाई त्याखाली कठड्याला टेकून, बेकरीवाला भिंतीशी पेंगत. दारालगतच्या खिडकीखाली पेंटरची खुर्ची होती आणि त्यांच्या अंगावर कोणाचा तरी कोट होता.

"अहो, हे काय! कधी आलात? बेल नाही का वाजवायची?"

"वाजवणारच होतो," डॉक्टर कुजबुजत म्हणाले. आता कुजबुजायचं कारण नव्हतं, पण त्यांना सवय झाली होती. "पण ह्यांनी खिडकीतून तुम्हाला बघितलं आणि माझा हातच धरला. सोडेचनात. आम्हाला सगळ्यांना बसवून ठेवलंय."

वहिनींनी पेंटरकडे बघितलं. थकले होते, मान एका बाजूला कलली होती. असं अवघडून बसण्याची त्यांना सवय राहिली नव्हती आणि उजवा खांदा नक्की दुखत असणार. वहिनी खाली वाकल्या आणि त्यांनी तो कोट नीट केला.

"दुखलं नाही का हो?"

"दुखलं," पेंटर म्हणाले. मग थोडा वेळ शब्द गोळा करत राहिले. "पुढच्या गुरुवारी... आणखी उशिरा... आणायला सांगतो."