झिपऱ्याचं डोकं संपलं

घरात बायको रोज सुरीने भाजी चिरते, तिच्याच शेजारी हे खुशाल घोरत पडतात. पण सलूनमध्ये बाईच्या हातात वस्तरा दिसला की यांच्या घशाला कोरड! असले मर्द गावोगाव आहेत. तिच्याही गावात होते.

नवऱ्याच्या संसारावर पाणी सोडून ती माहेरी आली, ती कात्र्यांची पेटी घेऊनच. शहरातल्या पार्लरमध्ये तिने बड्याबड्यांची डोकी सुधारली होती. इथे बाबांचा हात थरथरू लागल्यापासून त्यांचं सलून बंद पडलं होतं. तिने आरसे घासले, खुर्चीला तेल दिलं, दार उघडलं. गिऱ्हाईक? माशीसुद्धा फिरकेना. माणसं काचेतून डोकावायची नि दात काढत पुढे जायची.

भावाला दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचं होतं. "हौस फिटली ना, ताई? आता किल्ली दे."

बाबा बाकावर पेपरात तोंड खुपसून बसलेले. दुकान त्यांचं, शेवटचा शब्दही त्यांचाच. आणि हे गृहस्थ स्वतःची दाढी दुसऱ्या गल्लीत जाऊन करून यायचे! भावाच्या टोमण्यांपेक्षा तिला तेच जास्त झोंबायचं.

मग एकदा बेसिनचा नळ गळायला लागला म्हणून झिपऱ्या आला. शाळेतला सोबती, आता प्लंबर. केस तेव्हाही मानेवर, आताही मानेवर. नळाशी खाटखूट करून तो थेट खुर्चीत बसला.

"काप."

"शाळेत नुसती कात्री दाखवली तर कुंपणावरून उडी मारून पळाला होतास."

"तेव्हा अक्कल नव्हती. थोडेच काप हं."

तिने थोडेच कापले. दोन दिवसांनी हा पुन्हा हजर. "कानामागे राहिलेत." मग "उजवीकडे जास्त वाटतात." मग "काम करताना डोळ्यांवर येतात." तोवर डोळ्यांवर यायला केसच उरले नव्हते. नळ मात्र अजून टपटपत होता. त्याच्या हत्यारांच्या पिशवीचा खुळखुळाट रस्त्यावरून आला की ती उगाचच खुर्ची पुसायला लागायची. त्याच्याशिवाय आत पाऊल ठेवायला कोणी तयार नव्हतं.

अखेर भाऊ मोबाइलवाल्याला घेऊन आला. टेप काढून भिंती मोजणं सुरू झालं. नेमका तेव्हाच झिपऱ्या आत शिरला. डोक्यावर नुसते खुंट.

"वस्तरा फिरव. चकाचक कर."

तिचं टाळकंच सणकलं. "चालता हो! दया दाखवतोस होय रे? गाव हसतंय तुला. भीक नकोय मला, तुझ्या केसांचीसुद्धा!"

"घ्या," भाऊ म्हणाला, "एकुलतं एक गिऱ्हाईक, तेही हाकललं."

झिपऱ्याचे कान लाल झाले. लपवायला केस नव्हते.

"दया कसली डोंबलाची? मान धरून डोकं वाकवतेस ना तू, तेव्हा दिवसभर उपसलेलं गटार विसरतो मी. बोलायची छाती नव्हती, म्हणून केस देत बसलो. आता डोकंच संपलं!"

मोबाइलवाल्याच्या हातातली टेप सर्रकन आत गेली.

"बस खाली," ती म्हणाली. तिने वस्तरा उचलला.

फुकटचा तमाशा बघायला दारात गर्दी जमली. तिचा हात जराही थरथरला नाही. कपाळापासून मानेपर्यंत वस्तरा लोण्यातून जावा तसा गेला. रक्ताचा थेंब नाही.

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. ते कधीपासून तिच्या हाताकडे बघत होते.

"करंगळी माझ्यासारखीच वर धरतेस," ते म्हणाले. "ऊठ रे झिपऱ्या." आणि खुर्चीत बसून त्यांनी हनुवटी वर केली. "कर दाढी."

"बाबा, अहो, हे माप घ्यायला आलेत..." भाऊ मध्येच म्हणाला.

"मग त्या भिंतीचं घे म्हणावं. मोठा आरसा लावायचाय तिला."

दारातल्या मर्दांच्या घशांना अचानक ओल आली. "पुढचा नंबर माझा" म्हणून जुंपलीसुद्धा.

बाबांच्या गालाला फेस लावता लावता तिने झिपऱ्याला हळूच विचारलं, "आता कशाला येशील रे?"

"नळ गळतोय ना अजून."

"एवढ्या दिवसांत दुरुस्त का नाही केलास?"

"येडा आहे का मी?"

ती अशी हसली की ब्रशचा फेस बाबांच्या नाकात गेला.

"आधी माझी दाढी!" बाबा फेसातून ओरडले.